मंडईतले 'पेंटर' आठवतात का कुणाला? (आणि पत्र्यावरच्या एका चित्राबद्दल मदत हवी)

जुनी छत्री | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

पुण्यात रविवार पेठेत आमचं छत्र्यांचं दुकान होतं. विक्री आणि दुरुस्ती दोन्ही. खरं तर पोट दुरुस्तीवरच चालायचं, तेही जून ते सप्टेंबर. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, वडील मागच्या वर्षी गेले. आता वाडा पाडायचं ठरलंय म्हणून माळा रिकामा करतोय. तिथे जुन्या दांड्यांच्या मोळीमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक चित्र सापडलं. सापडलं म्हणणं चूकच आहे. ते तिथे आहे हे मला चाळीस वर्षं माहीत होतं.

पावसातली मंडई आहे. कुठल्याशा वाड्याच्या पहिल्या मजल्यावरून बघितल्यासारखी. मागे मंडईचा तो अष्टकोनी मनोरा, अर्धा पावसात विरलेला, आणि पुढे सगळ्या छत्र्याच छत्र्या. माणसांची तोंडं दिसतच नाहीत. आकार विचित्र आहे: पाच फूट लांब आणि जेमतेम दीड फूट उंच. कॅनव्हास नाही, पत्रा आहे. मागे लाकडी चौकट. एवढं लांबुडकं चित्र कुणी का काढेल हे मला कधी कळलं नाही. सही नाही. डाव्या कोपऱ्यात रंगाला पापडी धरली आहे.

ज्यांनी काढलं त्यांना आमच्या भागात नुसतं 'पेंटर' म्हणत. पाट्या रंगवायचे. उंच, पाठीत थोडे वाकलेले, खिशात कायम खडूची दोरी. स्वतःशी बोलत चालायचे. आम्ही पोरं त्यांच्या मागे जाऊन ओरडायचो, "पेंटर, रंग सांडला!" आणि दर वेळी, अगदी दर वेळी, ते थांबून खाली बघायचे. हातात डबा नसला तरी. आम्हाला तेवढंच हवं असायचं. (तेव्हा 'तो' म्हणायचो. आता लिहिताना 'ते' येतंय.)

१९८३ च्या पावसाळ्यात ते दुकानात आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हे चित्र काउंटरवर ठेवलं. मी दहा वर्षांचा होतो, गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करत होतो. "हिशेब मिटला" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. वडिलांनी कागद सोडला, चित्र बराच वेळ बघितलं. मग बोटाने मोजायला लागले. छत्रीला आठ काड्या असतात. त्यांनी बहुतेक सगळ्या छत्र्यांच्या काड्या मोजल्या. "आठ आहेत," म्हणाले. एकीवर बोट थांबलं. "हिला सात. ही दुरुस्तीची आहे." माझ्या वडिलांनी आयुष्यात केलेली चित्रकलेची ही एकमेव समीक्षा. त्यानंतर चित्र माळ्यावर गेलं ते गेलंच.

कसला हिशेब ते वडिलांनी कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तर दोन गोष्टी. एक, कुणाला ते आठवतात का? दोन, या पापडीचं काय करू?

---

मंडईकर | रविवार, रात्री ९:४८

अहो आठवतात म्हणजे काय! आमचा गाळा होता मंडईत. भाज्यांच्या भावाच्या पाट्या खडूने लिहून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत. पण शुद्धलेखनाचा भयंकर कंड. एका मावशींनी स्वतःच 'मीरची' लिहिलं होतं, यांनी गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना पाटी उचलली, पुसली आणि ऱ्हस्व करून परत ठेवली. मावशी म्हणाल्या, "दीर्घ असली तरी तिखटच लागते की." त्यावर ते इतके हसले की खाली बसले. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच बघितलं.

पूर्वी सिनेमाची बॅनर करायचे असं ऐकून होतो. अलका टॉकीजच्या चौकात ती भलीमोठी तोंडं लागायची ना, त्यातली काही.

वाचनखूण साधली आहे. अजून आठवलं की लिहितो.

---

संपादक | रविवार, रात्री १०:०५

सूचना: संबंधितांचे कुटुंबीय पुण्यातच असण्याची शक्यता आहे. कृपया धाग्यावर नाव, पत्ता लिहू नये. एक प्रतिसाद त्यासाठी उडवला आहे.

---

नंबर सहा | रविवार, रात्री ११:२०

मी त्यांच्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी शिकायला होते. १९८० आणि ८१. एका शाळेच्या मागच्या खोलीत आठवड्यातून दोनदा क्लास, आठ-नऊ मुलं.

त्या परीक्षांना स्मरणचित्राचा पेपर असतो. सगळ्या क्लासांतून ठरावीक माणसं घोटून घेतात: पाठमोरी बाई, टोपीवाला, छत्रीवाला, फुगेवाला. विषय कुठलाही येवो, तीच चार माणसं इकडून तिकडे उभी करायची. सर ते करू द्यायचे नाहीत. आम्हाला मंडईत न्यायचे आणि म्हणायचे, एक हमाल निवडा, पाटी उतरवेपर्यंत त्याच्यावरची नजर काढू नका. मग परत खोलीवर. वाटेत बोलायचं नाही. आणि आल्यावर लगेच काढायला बसवायचे नाहीत! आधी त्या हमालासारखं उभं राहून दाखवायचं. कुठला गुडघा वाकला होता? मान कुठे होती? ओझं डोक्यावर असलं की माणूस बाजूला कसा बघतो? सगळं धड फिरवून. हे आम्ही अंगाने करून बघितलं, मग कागदाला हात.

मला इंटरमिजिएटला बी ग्रेड मिळाली. पण आजही ओझं घेतलेलं माणूस दिसलं की माझी मान आखडते.

१९८१ च्या दिवाळीनंतर क्लास एकदम बंद झाला. आम्ही गेलो तर खोलीला कुलूप. 'सर गावाला गेलेत' असं सांगितलं. मोठं झाल्यावर कळलं कुठल्या गावाला ते. असे मनस्वी लोक जगाला झेपत नाहीत. ते वेड नसतं तर ती नजरही नसती, असं मला वाटतं.

---

खवचट खानावळ | सोमवार, सकाळी ७:३५

धाग्यात संत होऊन बसायच्या आत सांगतो. आमच्या शेजारच्या वाड्यात राहायचे. रात्री दोनला भिंतीशी भांडण. एकदा सामायिक नळावर माझ्या आजीच्या अंगावर ओरडले, ती आठ दिवस पाण्याला गेली नाही. माझ्या वडिलांकडून १९८६ साली दीडशे रुपये घेतले ते परत आलेच नाहीत. आणि प्यायचे. सकाळी दहाला हात थरथरत असायचे, चहाची बशी वाजायची.

माणूस लांबून बघायला फार छान असतो. भिंत एक असली की कळतं.

धागाकर्ते, पापडीवर कच्चा बटाटा अर्धा कापून हलक्या हाताने चोळा. तैलचित्र लख्ख होतं. आमच्याकडे आजोबांच्या तसबिरीला केलं होतं.

---

कागदकीड | सोमवार, सकाळी ८:०२

बटाटा अजिबात नको! हात जोडतो. बटाट्याचा स्टार्च भेगांत जाऊन बसतो, ओल धरतो आणि मग बुरशी. पाणी नको, साबण नको, तेल नको, ओला बोळाही नको. (जुनी हस्तलिखितं आणि चित्रं दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून एवढ्या जोरात लिहितोय.)

जुनी छत्री, मागच्या बाजूला पत्र्यावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसते का? दिसत असेल तर पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला आहे. त्यावर ऑइलपेंट थेट मारला की त्यातलं तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन दोघांच्या मध्ये साबणासारखा थर तयार होतो. मग रंग पापडी धरून सुटतो. जाणकार पाटीवाले आधी वेगळं अस्तर द्यायचे किंवा पत्रा वर्षभर उन्हापावसात ठेवून मग रंगवायचे. सध्या एवढंच करा: आडवं ठेवा, तोंड वर. सुटलेले तुकडे पाकिटात जपा, फेकू नका. आणि खोलीत सतत कमी-जास्त गरम होणार नाही एवढं बघा, कारण पत्रा फुगतो-आकसतो आणि रंगाला ते जमत नाही.

पाच फूट बाय दीड फूट हे चित्राचं माप नाही हो. ते दुकानाच्या पाटीचं माप आहे.

एक करून बघा. रात्री खोलीत पूर्ण अंधार करा. बॅटरी चित्रासमोर धरू नका. कडेला, जवळजवळ पत्र्याला टेकवून धरा, म्हणजे उजेड चित्रावरून घासत जाईल. खालच्या थरात काही जाड रंगवलेलं असेल तर त्याच्या कडांची सावली पडते. एनॅमलची अक्षरं असतील तर हमखास.

---

मंडईकर | सोमवार, सकाळी ९:१५

कागदकीड यांना दुजोरा. बॅनरवाल्यांकडेही तसंच चालायचं. कापड एकदाच वापरून टाकून द्यायला परवडतंय कुणाला? सिनेमा उतरला की पांढरा हात मारायचा आणि वर पुढचा हिरो. आधी सूत मारून चौकटी पाडायच्या, फोटोवर तेवढ्याच चौकटी, मग एकेक चौकट मोठी करत जायचं. लहानपणी मी एक बॅनर उतरताना बघितलं होतं, नायिकेच्या गालातून मागच्या सिनेमातल्या व्हिलनची मिशी डोकावत होती.

अवांतर: फ्लेक्स आल्यावर हे सगळं गेलं. पाटीवालेही गेले. आता पाटीवरचा 'श' बघवत नाही.

---

खवचट खानावळ | सोमवार, सकाळी ९:४०

बटाटा मागे घेतला. बाकी शब्द कायम.

---

पाहुणी१२ | सोमवार, रात्री १०:३०

आजच आयडी घेतला. मैत्रिणीने धाग्याची लिंक पाठवली. मी त्यांची भाची. नाव लिहू दिलं नाहीत त्याबद्दल संपादकांचे आभार. टंकताना चुका होतील, सवय नाही.

सगळं लिहिणार नाही. काही लिहिते.

मामा प्यायचा नाही. थेंबसुद्धा नाही. हात थरथरायचा तो गोळ्यांनी. त्या काळातल्या त्या औषधांनी बऱ्याच जणांच्या हाताला कंप यायचा, अंग ताठ व्हायचं, चालणं बदलायचं. आता विचार करा, ज्याचं पोट एका दमात सरळ रेघ ओढण्यावर आहे त्याला तीच गोळी. हाताखाली काठी धरून, मनगट तिच्यावर टेकवून अक्षरं काढायचा. मोठ्या अक्षरांना ते चालतं, बारीक अक्षरांत लपत नाही. मग हळूच गोळी बंद करायचा. आठ-दहा दिवस हात झकास चालायचा. मग आवाज सुरू. मग भिंतीशी भांडण. खवचट खानावळ, तुमच्या आजींवर तो ओरडला हे खरं असणार. आमच्याही आजीवर ओरडायचा. त्याबद्दल आता मी काय बोलू.

नंबर सहा, रागावू नका, पण तुमचं ते वाक्य मला लागलं. वेड होतं म्हणून नजर होती असं नाही हो. आजारी असायचा तेव्हा तो एकही चित्र काढायचा नाही. फक्त पांढरा रंग द्यायचा. मिळेल त्याला. पत्रे, फळ्या, पाट, एकदा देवघराचं दार. अस्तर द्यायचं, वाळलं की घासायचं, परत अस्तर. सात-सात हात. खोलीत भिंतीला टेकून पांढरे चौकोन उभे असायचे, आणि आई म्हणायची, आता डॉक्टरांकडे न्यायची वेळ झाली. बरा झाला की त्याच पांढऱ्यांवर चित्रं काढायचा. सगळी चित्रं बऱ्या दिवसांतली आहेत. बरे दिवस कमी, म्हणून चित्रं कमी.

पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ ला, शनिवार पेठेतली आमची जागा गेली. कलाशाळेची दोन वर्षं झाली होती, तेव्हाचं सगळं काम चिखलात गेलं. पुढे शिकला नाही. बॅनरवर लागला, मग पाट्या. आजार पुरामुळे आला असं लोक म्हणतात. आईला विचाराल तर ती म्हणते, त्याच्या आधीपासून थोडं थोडं होतं, पण पुराच्या आधीचं कुणाला आठवायचं नसतं.

एकदाच बालगंधर्वच्या कलादालनात चार जणांबरोबर प्रदर्शनात चित्रं लावली. दुसऱ्या दिवशी स्वतःची उतरवून घरी घेऊन आला. म्हणे ट्यूबच्या उजेडात माझा पिवळा हिरवा दिसतो. तो घरी साध्या बल्बखाली काम करायचा.

१९९४ साली गेला. निमोनियाने, घरी. बाकी जे तुम्ही ऐकलं असेल ते खोटं आहे.

---

नंबर सहा | सोमवार, रात्री ११:०२

चुकलंच माझं. उडवत नाही, राहू दे तसंच वर.

सरांच्या खोलीत ते पांढरे चौकोन आम्ही बघितले होते. आम्हाला वाटायचं, पुढच्या कामाची तयारी.

---

कागदकीड | मंगळवार, सकाळी ८:१०

पाहुणी१२, लिहिलंत हे फार बरं केलंत. व्हॅन गॉगचं नाव या विषयात येतंच, म्हणून तेवढंच सांगतो: मे १८८९ ते मे १८९० तो सेंट रेमीच्या इस्पितळात होता, तिथे चिक्कार चित्रं काढली, पण झटक्याच्या दिवसांत फारशी नाही. एका झटक्यात त्याने रंग खाल्ले म्हणून काही काळ त्याला रंगांना हातही लावू देत नव्हते. तुमच्या मामांसारखंच, बहुतेक काम मधल्या बऱ्या दिवसांतलं.

व्यावसायिक उत्सुकता: अस्तर कसलं असायचं?

---

पाहुणी१२ | मंगळवार, दुपारी २:२०

पैसे असले की डब्यातला पांढरा ऑइलपेंट, टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. नसले की सरस भिजत घालून, गरम करून त्यात खडूची भुकटी. सरसाचा वास आमच्या सगळ्या लहानपणाला आहे. पत्र्याला मात्र ऑइलपेंटच.

जुनी छत्री, तुम्हाला एक सांगायचं आहे. मामाची एक वही आहे माझ्याकडे. चित्रांची नाही, देण्याची. कुणाचे किती. काल रात्री काढून बघितली. १९७९ च्या पानावर आहे: "छत्रीवाले. इसार ४०. पाटी नापसंत. इसार परत देणे." 'परत देणे' खाली दोन रेघा आहेत. मग तीच नोंद ८०, ८१, ८२ या वर्षांच्या पानांवर पुढे ओढली आहे. ८३ ला खोडली आहे.

खवचट खानावळ, तुमचे दीडशे वहीत सापडले नाहीत. ८६ च्या पानांना वाळवी लागली आहे.

---

खवचट खानावळ | मंगळवार, दुपारी ३:४५

असू द्या हो. आमचे वडीलही हिशेबात काही फार पक्के नव्हते.

हात थरथरण्याचं माहीत नव्हतं. आम्ही सगळ्या वाड्याने त्यांना पंचवीस वर्षं दारुडा ठरवलं होतं.

---

जुनी छत्री | मंगळवार, रात्री ११:५०

आत्ताच खाली आलो. हात काळे आहेत, तसाच टंकतोय.

वहीतलं वाचून आईकडे गेलो. तिला ७९ चं लगेच आठवलं. दुकानाची नवी पाटी करायला दिली होती. त्यांनी 'छत्र्या'मधला 'छ' छत्रीसारखा काढला, वरचा भाग उघडलेला आणि खालची शेपटी मुठीसारखी वळलेली. वडील भडकले. "मला दुकान चालवायचंय, नाटक कंपनी नाही." पाटी परत पाठवली, पुढचे पैसे दिले नाहीत. इसार बुडाला असंच धरून चालले होते. ८३ ला चित्र आलं तेव्हा आई त्यांना म्हणाली होती, चाळीस रुपयांच्या बदल्यात एवढं घेताय कसं? वडील काही बोलले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवशी मंडईत त्यांना शोधायला गेले होते, एक चांगली छत्री घेऊन. भेटले नाहीत. तशी ती छत्री परत आणली. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग माळ्यावर गेलो, दिवा घालवला आणि कागदकीड यांनी सांगितल्याप्रमाणे बॅटरी उजव्या कडेला पत्र्यावर टेकवली.

आधी काहीच दिसेना, नुसते रंगाचे फटकारे. मग बॅटरी आणखी खाली घेतली. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक आडवी रेघ, चित्रभर सरळ. शिरोरेषा. तिच्याखाली आमचं आडनाव, पावसातून उठून आल्यासारखं. प्रत्येक अक्षराची एक कड उजळ, एक काळी. आणि मधोमध, जिथे छत्र्यांची सगळ्यात दाटी आहे तिथे, तो 'छ'. त्याच्या वरच्या गोलाईवर त्यांनी चित्रातली एक छत्री बेताने बसवली आहे. तीच, सात काड्यांची.

फोटो काढायचा प्रयत्न केला, येत नाही. बॅटरी जरा वर केली की अक्षरं जातात आणि पुन्हा मंडई.

पाहुणी१२, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. हे चित्र तुमच्याकडे असायला हवं की आमच्याकडे, मला कळत नाहीये. वहीप्रमाणे बघितलं तर ते आमचं आहे, पण पाटीचे उरलेले पैसे आम्ही अजून देणं लागतो. आधी एकदा येऊन बघा. आईंनाही आणा.

---

पाहुणी१२ | बुधवार, सकाळी ६:५५

व्यनि वाचला. पैशांचं नंतर बघू. रविवारी येते. आईला घेऊनच येईन, पण तिला माळ्यापर्यंत चढवणार नाही. ती विचारतेय, तुमच्याकडे साधा बल्ब आहे का, ट्यूब नको.

---

जुनी छत्री | बुधवार, सकाळी ७:१०

पत्रा खाली आणून ठेवतो, आडवा, तोंड वर. बल्बचं बघतो, बोहरी आळीत मिळेल. सातनंतर या, अंधार पडलेला असेल.

---

मंडईकर | बुधवार, सकाळी ७:३२

बल्ब आणू नका, आमच्याकडे पिवळा साठचा आहे. पाठवून देतो.